मापात पाप नको: रोजच्या धंद्यात सचोटी आकड्यांत कशी बसवायची?

काटेकोर (धागाकर्ता)

सचोटीने धंदा करावा हे कुणालाच अमान्य नसतं. पण शटर उघडल्यावर जे प्रश्न पडतात ते फार बारीक असतात. डब्यासकट तोलायचं का? एक रुपया सुटा नाही, तर काय द्यायचं? महिनाअखेरीस पैसे कमी पडले तर आधी कुणाचं देणं भागवायचं? माल तुटला तर भाव कुठवर चढवायचा? या धाग्यात अशा निर्णयांची रीत जमवू या. स्वतःचे अनुभव नकोत. आकडा, मुदत, कुठे चुकतं आणि का, एवढं लिहा.

मी तीन कसोट्या मांडतो. पहिली: समोरच्याला सगळं दिसत असतं तर त्याने हाच व्यवहार याच भावात केला असता का? दुसरी: गल्ल्यातला हा पैसा आपला आहे, की कुणीतरी आपल्याकडे पोचवायला दिलेला आहे? तिसरी: चुका दर वेळी एकाच बाजूला झुकतात का? हातून चूक कुणाच्याही होते. पण महिनाभराच्या सगळ्या चुका दुकानाच्याच फायद्याच्या निघाल्या तर त्यांना चूक म्हणता येत नाही.

तिसरी कसोटी लावायला सोपी आहे. सुट्या पैशांचं बघा. रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवणं म्हणजे न मागितलेला माल विकणं. दिवसाला २०० गिऱ्हाइकांना एकेक गोळी दिली तर ३०० दिवसांत ६०,००० रुपयांची ही विक्री होते. उपाय साधे आहेत. बँकेतून आठवड्याची नाणी आधीच आणून ठेवा. नाणं नसेल तर रक्कम खाली आणा, वर नेऊ नका. आणि संगणकावर बिलं होत असतील तर ‘राउंड ऑफ’ हे खातं महिन्यातून एकदा उघडा. पैसे खाली-वर दोन्हीकडे जात असतील तर त्याची शिल्लक शून्याच्या आसपास राहते. ती दर महिन्याला जमेच्याच बाजूला वाढत असेल तर भाव असे लावले गेलेत की पैसे नेहमी वरच जातात. ते भाव बदला.

तोलकाटा

वजनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच लोक नकळत चुकतात आणि कळल्यावरही काटा तसाच ठेवतात.

किराणा दुकानात साधारण ३० किलो क्षमतेचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याचा (म्हणजे आकडा पाच-पाच ग्रॅमने बदलणारा), अचूकतेच्या वर्ग तीनचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. या वर्गाचं किमान वजन टप्प्याच्या वीस पट, म्हणजे १०० ग्रॅम. त्याखालचं काही या काट्यावर तोलूच नये. तरी वेलदोडे, लवंग, सगळं ५० ग्रॅमच्या हिशेबात याच काट्यावर पडतं. अडीच किलोपर्यंत वैधमापन खात्याचा शिक्का मारताना चालणारी चूक अधिक-उणे अडीच ग्रॅम असते, वापरातल्या काट्याला तिच्या दुप्पट, म्हणजे ५ ग्रॅम. ५० ग्रॅमवर ५ ग्रॅम म्हणजे दहा टक्के. वेलदोडा ३,००० रुपये किलो धरला तर एका पुडीत १५ रुपयांचा फरक, आणि तरीही काटा कायद्याने बरोबर. मसाल्याच्या सुट्या मालाला लहान क्षमतेचा, बारीक टप्प्याचा वेगळा काटा लागतोच.

काटा रोज कसा तपासायचा:

सकाळी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. पातळीचा बुडबुडा गोलाच्या मध्यात हवा. वरचा पंखा बंद करून शून्य बघा. मग शिक्का मारलेली १, २ आणि ५ किलोची लोखंडी वजनं क्रमाने चढवा आणि उलट क्रमाने उतरवा. चढताना आणि उतरताना आकडा वेगळा आला तर लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा भाग) थकलाय किंवा ताटाखाली काही अडकलंय. तांदळाचे दाणे अडकणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. आठवड्यातून एकदा कोपरे तपासा: क्षमतेच्या एक-तृतीयांश वजन, म्हणजे १० किलो, चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवा. एका कोपऱ्यात आकडा सरकत असेल तर काटा कधीतरी आपटलाय किंवा त्यावर पोतं टाकलंय.

फेरपडताळणी इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी आणि लोखंडी वजनं व तराजूला दोन वर्षांनी. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं. दुरुस्तीसाठी सील तोडलं तर पुन्हा शिक्का होईपर्यंत त्या काट्यावर विक्री करायची नाही. दुरुस्ती करणारा ‘चार दिवसांनी शिक्का मारून देतो’ म्हणतो आणि दुकानदार तोवर तोलत राहतो. त्या चार दिवसांसाठी पर्यायी काटा आधीच ठरवून ठेवा.

आणि काटा आपल्या बाजूने ५ ग्रॅम चुकतो हे एकदा कळलं की पुढचं प्रत्येक वजन जाणूनबुजून केलेलं आहे. ‘मुभेच्या आत आहे’ ही सबब तिथे पुरत नाही. मुभा यंत्राच्या मर्यादेसाठी आहे, कमाईसाठी नाही.

निशिगंधा

मिठाईच्या डब्याचं काय? गावात सगळेच डब्यासकट तोलत असतील तर एकट्याने डबा वेगळा काढला तर भाव महाग दिसतो. धंदा कसा टिकायचा?

तोलकाटा

निशिगंधा, प्रश्न रास्त आहे. आधी हिशेब बघा. एक किलोचा डबा ९० ग्रॅमचा धरा, मिठाई ७२० रुपये किलो. डब्यासकट तोललं तर गिऱ्हाइकाला ९१० ग्रॅम मिळतात. म्हणजे खरा भाव ७२० भागिले ०.९१, सुमारे ७९१ रुपये. शेजारी ७२० लिहून ७९१ घेतो. तुम्ही ७९० लिहून निव्वळ एक किलो दिलंत तर दोघांचा भाव एकच, फक्त पाटीवर तुमचा महाग दिसतो.

म्हणून फरक पाटीवरच दाखवा. ‘निव्वळ मिठाई १ किलो, डबा यात धरलेला नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवा. रिकामा डबा ठेवून टेअरचं (डब्याचं वजन वजा करणारं) बटण त्याच्यासमोर दाबा. डब्याचे पैसे वेगळे लावायचे असतील तर बिलावर वेगळी ओळ हवी. टेअर लावताना दोन चुका होतात: झाकणाशिवाय डबा ठेवला जातो आणि नंतर झाकणासकट तोललं जातं, किंवा अर्ध्या किलोच्या डब्याची टेअर तशीच राहून एक किलोचा डबा वर येतो. हाताळणाऱ्या मुलाला हे दोन प्रसंग करून दाखवा.

सुट्या मिठाईच्या ताटावर ‘या तारखेपर्यंत खावे’ ही तारीख १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे. कालच्या ताटात आजचा माल ओतला की तारीख कुणाची लिहायची हा प्रश्न येतो. जुन्याची लिहायची. त्यापेक्षा ओतूच नका.

जमाखर्च

काटेकोरांच्या दुसऱ्या कसोटीवर लिहितो: गल्ल्यातला कुठला पैसा आपला नाही.

यादी छोटी आहे. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ आणि ईएसआयसीचा हिस्सा. कुणाच्या बिलातून कापलेला टीडीएस. गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम, ज्याचा माल अजून दिलेला नाही. हे चारही पैसे चालू खात्यात मिसळतात आणि महिन्याच्या मध्याला मालाच्या पेमेंटला जातात. कुणी चोरी करायची म्हणून करत नाही. खात्यात शिल्लक दिसते आणि ती आपली वाटते, एवढंच होतं. पण पीएफचा कापलेला हिस्सा न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे, आणि तो शब्द नेमका आहे.

दुसरं बँक खातं उघडा. रोज शक्य नसेल तर दर शनिवारी रक्कम तिकडे वळवा. करासकट ४०,००० रुपयांची विक्री १८ टक्क्यांच्या मालाची असेल तर त्यातला कर ४०,००० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे ६,१०२ रुपये. इथे हमखास चूक होते: लोक ४०,००० चे १८ टक्के काढतात, ७,२०० येतात, ‘एवढे कुठून ठेवू’ म्हणून काहीच ठेवत नाहीत. शिवाय खरेदीवरचा कर वजा होतो, त्यामुळे प्रत्यक्ष भरायची रक्कम आणखी कमी असते. मागच्या तीन महिन्यांत विक्रीच्या किती टक्के रोख कर भरला ते काढा, त्यात थोडी भर घाला आणि तेवढा टक्का वळवा.

तारखा: टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, पीएफ-ईएसआयसी १५ ला, मासिक जीएसटी २० ला. कंपोझिशनवाल्यांनी (लहान धंद्यांसाठीच्या, उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायच्या योजनेतल्यांनी) तिमाही संपल्यावर १८ तारखेला. कंपोझिशनमध्ये असाल तर गिऱ्हाइकाकडून कर म्हणून एक रुपयाही घ्यायचा नाही आणि बिलावर तसं लिहायचं असतं. ‘जीएसटी धरून’ असं तोंडी सांगून वर पाच टक्के लावणारे दिसतात. तो कर सरकारकडे जातच नाही.

आता देण्यांबद्दल. पैसे कमी असताना आधी कुणाला द्यायचं हे बहुतेक ठिकाणी फोनवर ठरतं: जो सारखा फोन करतो त्याला आधी. मोठ्या पुरवठादाराकडे वसुलीचा माणूस असतो, तो माल थांबवू शकतो. घरी बसून शिलाई करणारी बाई किंवा दोन लेथवर जॉबवर्क करणारा फोन करायला बिचकतो, आणि त्याचंच बिल चार महिने पडून राहतं. म्हणजे ज्याला थांबणं सगळ्यात कमी परवडतं तोच आपल्याला बिनव्याजी भांडवल पुरवतो. मला ही धंद्यातली सगळ्यात मोठी अनीती वाटते, कारण ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

२००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत. करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचाच दिवस स्वीकाराचा धरतात. इथली पळवाट म्हणजे ‘तपासणी बाकी आहे’ म्हणून पोच नोंदवायचीच नाही. ती कायद्यात बसत नाही. उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के. दोन लाखांचं बिल तीन महिने उशिरा दिलं तर ९,१३६ रुपये. या व्याजाची आयकरात वजावटही मिळत नाही.

त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं: मुदत टळलेलं देणं ३१ मार्चला बाकी असेल तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी धरतात. विवरणपत्र भरण्याआधी दिलं म्हणून सुटका होत नाही. हे आल्यावर काही खरेदीदारांनी पुरवठादारालाच उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) काढून टाकायला सांगितलं. पहिली कसोटी लावा: त्याच्यासमोर दुसरं गिऱ्हाईक असतं तर तो हे मान्य करता का?

रीत अशी: दर शुक्रवारी देण्यांची यादी काढा, बिल किती जुनं त्याप्रमाणे नव्हे तर पुरवठादाराच्या आकाराप्रमाणे लावा, लहानापासून वर पैसे देत जा. जॉबवर्क आणि मजुरी सगळ्यांत वर. मोठ्याला थांबावं लागणार असेल तर मुदत टळायच्या आधी कळवा, तारीख आणि रक्कम सांगून.

रानवाटा

पटतं, पण लहान कारखानदारालाच वरून पैसे ९० दिवसांनी मिळतात. तो खाली १५ दिवसांत कुठून देणार?

जमाखर्च

रानवाटा, खरं आहे. म्हणूनच ही अडचण ऑर्डर घेताना सोडवायची, बिल आल्यावर नाही. ९० दिवसांच्या उधारीचा खर्च भावात धरा: बँकेचं व्याज १२ टक्के असेल तर ९० दिवसांचे जवळजवळ ३ टक्के. ते न धरता भाव पाडून ऑर्डर घेतली की तो तोटा खालच्या जॉबवर्कवाल्यावर ढकलला जातो. मोठी कंपनी ट्रेड्सच्या (लहान उद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन) मंचावर नोंदलेली असेल तर तिने मान्य केलेलं बिल तिथे वटवता येतं आणि रोख लवकर हाती येते. आणि तुम्ही स्वतः सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर ४५ दिवसांचा हक्क तुमचाही आहे. निव्वळ व्यापाऱ्याला मात्र या उशिराच्या तरतुदी लागू होत नाहीत, भले त्याच्याकडे उद्यम नोंदणी असेल.

आणखी एक: पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत दिलं नाही तर त्यावर घेतलेला जमा कर (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट उलटवावा लागतो.

हजेरीबुक

पगाराच्या हिशेबात तिसरी कसोटी फार नेमकी लागते.

महिना १५,६०० रुपये पगार धरा. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे रोज ६००. आठ तासांनी तासाला ७५. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे १५०. कित्येक ठिकाणी ओव्हरटाइमला ३० ने भागतात (रोज ५२०, तास ६५, दुप्पट १३०) आणि खाडा कापताना २६ ने भागतात (६०० रुपये). एकाच माणसासाठी दोन भाजक, आणि दोन्ही वेळा मालकाच्या बाजूने. पगारपत्रकावर भाजक छापून टाका. एकदा छापला की कारकुनाला बदलता येत नाही.

उचल देताना चार गोष्टी लेखी हव्यात: रक्कम, तारीख, दरमहा कापायचा हप्ता, आणि काम सोडलं तर बाकी कशी फेडायची. प्रत कामगाराकडे द्यायची. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. उचल दिलीय म्हणून आधारकार्ड, एटीएम कार्ड किंवा शाळेचा दाखला ठेवून घेणं हे तर सरळ माणूस अडकवून ठेवणं आहे. असं कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढलं तर वेतन संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. ‘पुढच्या पगाराच्या वेळी या’ असं सांगायचं नाही. गावी जाणाऱ्याला परत येण्याचं भाडंच त्या बाकीएवढं पडतं.

ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम द्यायची वेळ आली की जड जाते, म्हणून पाच वर्षं व्हायच्या आत माणूस काढतात. हे टाळायचं असेल तर दरमहा बाजूला काढा. वर्षाला १५ दिवसांचा पगार, २६ ने भागून, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ४.८१ टक्के. १५,६०० वर महिन्याला ७५० रुपये. एवढ्यासाठी कुणाची पाच वर्षं तोडू नयेत.

आडतपट्टी

बाजार समितीतलं सांगतो. फळं-भाजीपाल्याची आडत (दलाली) जुलै २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तरी पट्टीवर (आडत्याने शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबाच्या पावतीवर) वेगळ्या नावाने कपात दिसते. पट्टी वाचताना हमाली, तोलाई, वाराई यांच्या ओळी वेगळ्या असाव्यात आणि बेरजेत ‘इतर’ नावाची ओळ नसावी. ‘इतर’ दिसलं की विचारा.

सगळ्यात त्रासाचा विषय कडता. क्विंटलमागे दोन किलो वजन सरसकट कापतात, ‘ओलावा आणि माती’ म्हणून. सोयाबीनचा ओलावा प्रमाण १२ टक्के धरतात. माल १४ टक्क्यांचा असेल तर कोरडा भाग ८६ टक्के. १२ टक्क्यांच्या मालात तो ८८ असतो. ८६ भागिले ८८, म्हणजे १०० किलोचे ९७.७३ किलो. कपात २.२७ किलो, आणि ती रास्त आहे. पण माल १२ टक्क्यांचा असून दोन किलो कापले तर त्याला आधार नाही. आणि शेतकऱ्याने माल नीट वाळवून १० टक्क्यांवर आणला तर याच सूत्राने १०२.२७ किलो धरायला हवेत. ते कुणी धरतं का? नाही. ओल्याला कपात आणि कोरड्याला भर नाही, इथे काटेकोरांची तिसरी कसोटी नापास होते.

आडत्याने स्वतःहून करण्यासारखं: ओलावामापक शेतकऱ्यासमोर लावायचा. ढिगाच्या वर, मध्ये आणि तळाला असे तीन नमुने घ्यायचे, सरासरी पट्टीवर लिहायची. मापकात नमुना कमी भरला किंवा माल उन्हातून गरम आलेला असला की आकडा चुकतो, म्हणून नमुना सावलीत थोडा निवू द्यायचा. २,५०० रुपये भाव आणि ४० क्विंटल माल असेल तर दोन किलोचा कडता २,००० रुपयांचा असतो. एवढ्यासाठी पंधरा मिनिटं जास्त नाहीत.

उसालाही हेच. बाहेरच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी तोलून घेतली तर रिकामी गाडीही त्याच काट्यावर, त्याच ट्रॉलीसह, तोला. नाहीतर तुलना होत नाही. एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याज मागायला शेतकरी संकोचतो, कारखान्याच्या संचालकांनी ते न मागता द्यावं.

शेवगा

टंचाईत भाव वाढवण्यावर लिहा ना कुणीतरी. कमी माल असेल तर भाव चढणारच, त्यात अनीती काय? भाव चढला नाही तर पहिले चार जण सगळं उचलून नेतील आणि पाचव्याला काहीच मिळणार नाही.

काटेकोर

शेवगा, भाव चढणं चूक नाही, पण किती हे मोजता येतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो भडकले तेव्हाचा प्रश्न घ्या. एरवी २० रुपयांना घेऊन ३० ला विकला जातो, म्हणजे खरेदीवर ५० टक्के. १५ टक्के सडतो असं धरा. विकलेल्या किलोमागे खरेदी २० भागिले ०.८५, म्हणजे २३.५०. उरलेले साडेसहा रुपये गाडी, जागा, मेहनत आणि नफा.

आता खरेदी १२० झाली. सवयीने ५० टक्के चढवले तर १८०. पण सड धरून खरेदी १४१, त्यात साडेसहा घातले तर १४८. खप निम्मा झाला आणि तेवढंच पोट भरायचं तर किलोमागे तेरा धरा, १५४. म्हणजे दीडशे ते एकशेपंचावन्न हा भाव मेहनतीचा. १८० पर्यंतचा वरचा तुकडा फक्त टंचाईचा. टक्क्याने भाव लावणारा न कळत तो घेतो. टंचाईत रुपयाने भाव लावा, टक्क्याने नको.

शेवगा

हिशेब मान्य. एक भर: १२० च्या मालात अडकलेलं भांडवल सहापट आहे आणि दुसऱ्या दिवशी भाव ८० वर आला तर रात्रीचा उरलेला माल तोट्यात जातो. त्या जोखमीचे चार-पाच रुपये धरले तर १६० पर्यंत मला गैर वाटत नाही. पण पहिल्या चौघांनी सगळं नेऊ नये म्हणून भाव चढवण्यापेक्षा ‘एकाला अर्धा किलो’ ही पाटी बरी.

रोजचा हप्ता

सावकारीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हातगाडीवाल्यांना रोजच्या वसुलीचं कर्ज देतात: १०,००० सांगायचे, १,००० आधीच कापून ९,००० हातात, मग १०० दिवस रोज १००. देणारा ‘दहा टक्केच’ म्हणतो, घेणाराही तसंच समजतो. पण पैसा पहिल्या दिवसापासून परत जातोय. खरा दर काढला तर दिवसाला ०.२१३ टक्के, वर्षाला सुमारे ७८ टक्के. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरलेले दर शेतकऱ्याला तारणावर ९, विनातारण १२. इतरांना १५ आणि १८ टक्के. परवान्याशिवाय सावकारी करताच येत नाही.

फ्लॅट व्याजही असंच फसवं. एक लाख, १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष: हप्ता ९,३३३. खरा दर साधारण साडेएकवीस टक्के. पतसंस्था असो की भिशी, ज्याला कर्ज देताय त्याला तीन आकडे सांगा: हातात किती येणार, एकूण किती फेडणार, घटत्या शिलकीवर दर किती. तिन्ही कळल्यावरही त्याने घेतलं तर व्यवहार उघड्यावर झाला.

दामदुप्पट ही आपल्या मुलखाची जुनी मर्यादा आहे: व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयं ती मानत आली आणि २०१४ च्या कायद्यातही ती आहे. हातउसने देतानाही ती मनात धरावी.

निशिगंधा

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्टचा कर १८ वरून ५ झाला तेव्हा ‘जुना माल आहे, जुन्याच भावाने मिळेल’ असं बऱ्याच ठिकाणी ऐकू येत होतं. दुकानदाराने आधीच १८ टक्के भरलेत, त्याचं नुकसान होत नाही का?

जमाखर्च

नोंदणीकृत दुकानदाराचं होत नाही. खरेदीवर भरलेले १८ टक्के त्याच्या खात्यात जमा असतात आणि पुढच्या कोणत्याही विक्रीच्या करापोटी वापरता येतात. १०० च्या मालावर कर धरून ११८ होते ते १०५ व्हायला हवेत. १०० त्याचेच राहतात. रोख थोडी अडकते एवढंच. कंपोझिशनवाल्याचं मात्र खरंच नुकसान होतं, कारण त्याला जमा कर मिळत नाही. त्याने पुरवठादाराकडे भावफरक मागावा. छापील किंमत कमी करणारं लेबल लावताना जुनी किंमत झाकायची नाही, दोन्ही दिसायला हव्यात.

वहीतली बाकी

एक प्रश्न राहिला. जुन्या वहीत कुणाकुणाची देणी पडून असतात: पुरवठादार मागायला आला नाही, गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम तशीच राहिली. तीन वर्षं झाली की हिशेबनीस ‘उत्पन्नात घेऊन टाका’ म्हणतात. रीत काय?

जमाखर्च

मुदत कायद्याने तीन वर्षांनी दावा लावण्याचा मार्ग बंद होतो, देणं नाहीसं होत नाही. करार कायद्याच्या कलम २५(३) मध्ये तर मुदतबाह्य देणं फेडण्याचं सहीनिशी दिलेलं लेखी वचन बंधनकारक धरलंय, म्हणजे कायद्यालाही ते देणं जिवंत दिसतं.

म्हणून उत्पन्नात घेण्याआधी एवढं करा. यादीत नाव, शेवटच्या व्यवहाराची तारीख, रक्कम आणि बिल क्रमांक लिहा. प्रत्येकाला शेवटच्या ज्ञात पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, ‘आमच्या वहीप्रमाणे आपले इतके येणे आहे’ असं स्वच्छ लिहून. परत आलेली पाकिटं न उघडता फाइलला लावा. जीएसटी क्रमांक असेल तर पोर्टलवर धंदा चालू आहे की बंद, आणि सध्याचा पत्ता काय, ते दिसतं. धंदा बंद असेल आणि माणूस वारला असेल तर वारसांना कळवा. रक्कम लहान असली तरी कळवा, कारण ती त्यांच्यासाठी लहान नसू शकते. वारस कोण याबद्दल शंका असेल तर वारसाचा दाखला बघूनच द्या.

एवढं करूनही कुणी सापडलं नाही तर रक्कम उत्पन्नात दाखवून त्यावरचा आयकर भरा, पण वहीच्या शेवटी त्या नावांचं पान तसंच ठेवा. दहा वर्षांनी मुलगा जुनी पावती घेऊन आला तर ते पान काढून त्याच दिवशी पैसे द्यायचे आणि त्या वर्षीच्या खर्चात नोंद करायची.